वाचकांचे प्रश्न : पाळीव सापाचे गोठवलेले खाद्य

मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून आलेली सापांविषयीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. प्रश्न वरवर वेगळे दिसत असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे फ्रीजरमध्ये गेलेली वस्तू निर्जंतुक होते. ही समजूत सापालाही घातक आहे आणि घरातल्या माणसांनाही, म्हणून उत्तरे थोडी सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने कॉर्न स्नेक हा बिनविषारी विदेशी साप पाळला आहे. त्याच्यासाठी आणलेले गोठवलेले उंदीर आमच्या घरच्या फ्रीजरमध्येच, मटार आणि आइस्क्रीमच्या शेजारी, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. सासूबाई पूर्ण शाकाहारी असल्यामुळे त्यांना हे अजिबात मान्य नाही. मुलाचे म्हणणे असे, की गोठलेल्या वस्तूत जंतू जगूच शकत नाहीत. नणंदेची चार वर्षांची मुलगी दिवसभर आमच्याकडे असते. घर वन बीएचके आहे आणि दुसरा फ्रीज ठेवायला जागा नाही. काय करावे?
— एक गृहिणी, मुलुंड

उत्तर : सासूबाईंचा आक्षेप त्यांच्या आहारनियमांतून आला असला, तरी आरोग्याच्या दृष्टीनेही तो रास्त आहे. चिरंजीवांचे म्हणणे मात्र चुकीचे आहे. उणे १८ अंश सेल्सिअसला जंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. साल्मोनेलासारखे जीवाणू गोठलेल्या मांसात महिनोन्महिने तग धरून राहतात आणि बर्फ सुटू लागला की पुन्हा वाढू लागतात. त्यातून उंदीर साफ न करता, आतड्यांसकट गोठवलेला असतो. बाजारातून साफ करून आणलेल्या कोंबडीला हात लावताना आपण जेवढी काळजी घेतो, त्याहून अधिक काळजी येथे घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये २०१५ पासून चाललेली साल्मोनेलाची एक साथ सापांसाठी विकल्या जाणाऱ्या उंदरांपर्यंत माग काढत पोहोचली होती. तिच्यात शेकडो माणसे आजारी पडली, त्यांत लहान मुले बरीच होती, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील यंत्रणांनी लिथुएनियातून येणाऱ्या अशा उंदरांची आयात बंद केली. अमेरिकेतही २०१४ मध्ये गोठवलेल्या उंदरांमुळे साल्मोनेलाचा फैलाव झाल्याचे आढळले होते. या आजारात जुलाब, ताप आणि पोटात मुरडा येतो. धडधाकट माणूस त्यातून काही दिवसांत बरा होतो, परंतु पाच वर्षांखालील मूल, वृद्ध, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण यांच्यात तो गंभीर होऊ शकतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे, की ज्या घरात इतके लहान मूल वावरते, तेथे सापाचे खाद्य आणि माणसांचे खाद्य एका फ्रीजरमध्ये नसावे. स्वतंत्र लहान डीप फ्रीजर हा खरा उपाय आहे. घरात जागा नसेल, तर साप पाळणाऱ्या दोघातिघा मित्रांनी मिळून एकाच्या घरी असा फ्रीजर ठेवावा आणि प्रत्येकाने खाऊ घालण्याच्या दिवशी लागेल तेवढेच खाद्य बर्फाच्या डब्यातून न्यावे. महिन्याला मोजके उंदीर लागणाऱ्या सापासाठी हे अवघड नाही, आणि चिरंजीवांच्या वयाची मुले अशी व्यवस्था सहज जमवू शकतात.

ही सोय होईपर्यंत निदान इतके तरी आजच करावे. प्रत्येक उंदीर हवा काढलेल्या झिपच्या पिशवीत, अशा सर्व पिशव्या दुसऱ्या जाड पिशवीत आणि ती पिशवी घट्ट झाकणाच्या कडक डब्यात ठेवावी. डब्यावर आत काय आहे ते आणि आणल्याची तारीख ठळक लिहावी, म्हणजे घाईत कोणी तो भलत्याच कामासाठी उघडणार नाही. डबा फ्रीजरच्या सर्वांत खालच्या भागात असावा, कारण वीज गेली आणि पाणी सुटले, तर ते खालच्या वस्तूंवरच ठिबकते. उघडी किंवा कागदात गुंडाळलेली कोणतीही खाण्याची वस्तू त्या कप्प्यात राहू देऊ नये. हवा काढण्याचा हेतू केवळ गळती टाळणे हा नाही. हवा लागली की गोठलेले मांस सुकते, त्यातली चरबी खवट होते, जीवनसत्त्व ‘ई’ कमी होते आणि सापाच्या पोटात पोषणाऐवजी कोरडे कातडेच अधिक जाते. चांगल्या बांधणीतले उंदीरही सहा महिन्यांच्या आत संपवावेत. स्वस्त पडते म्हणून वर्षभराचा साठा आणू नये.

फ्रीजरमध्ये एक साधा तापमापकही ठेवावा. जुन्या एकदारी फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुष्कळदा उणे १८ पर्यंत पोहोचतच नाही, आणि त्याचे दार दिवसातून अनेकदा उघडले जाते. तेथे तापमान उणे ६ ते उणे १० च्या आसपास रेंगाळत असेल, तर साठा काही आठवड्यांपुरताच ठेवावा.

बर्फ सुटण्यासाठी उंदीर स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा भांडी घासण्याच्या सिंकमध्ये कधीही ठेवू नये. त्यासाठी एक वेगळे टमरेल किंवा बादली, वेगळा चिमटा आणि वेगळी कात्री असावी, आणि त्या वस्तू स्वयंपाकघरात जाऊच नयेत. बाथरूम वापरायचे झाल्यास दात घासायचे ब्रश आधी बाहेर काढावेत, आणि काम झाल्यावर जागा प्रथम साबणाने धुवून मगच जंतुनाशकाने पुसावी, कारण मळ आणि रक्त तसेच राहिले, तर जंतुनाशक नीट काम करत नाही. साप हाताळल्यावरही हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत, कारण निरोगी सापाच्या विष्ठेत आणि कातडीवरही साल्मोनेला असू शकतो. चार वर्षांच्या मुलीला सापाला किंवा त्याच्या खाद्याला हात लावू देऊ नये. ती हट्ट करील, पण येथे मोठ्यांनी ठाम राहावे.

प्रश्न : माझ्याकडे दीड वर्षाचा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला लहान अजगर आहे. ऑफिसमधून परत यायला रात्रीचे नऊ वाजतात, त्यामुळे उंदीर फ्रीजरमधून काढून मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो आणि लगेच देतो. मागच्या वेळी सापाने दोन दिवसांनी तो ओकून टाकला. मायक्रोवेव्हमुळे असे होते का? योग्य पद्धत कोणती?
— एक नोकरदार, बोरिवली

उत्तर : मायक्रोवेव्ह आजपासूनच बंद करावा. तो मांस सारखे तापवत नाही. एका जागी मांस शिजते, तर इंचभर अंतरावर बर्फ तसाच राहतो. साप भक्ष्य चावून खात नाही, तो ते सबंध गिळतो. त्यामुळे उंदराच्या पोटातला कढत भाग सापाच्या अन्ननलिकेला आणि जठराच्या अस्तराला भाजू शकतो, आणि मध्ये राहिलेला बर्फाचा गोळा पचन थांबवतो. शिवाय पोट फुटून आतड्यांतला ऐवज मायक्रोवेव्हभर उडतो, आणि त्याच मायक्रोवेव्हमध्ये दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणासाठी तरी दूध तापते.

बर्फ सावकाश आणि थंडीतच सुटला पाहिजे. मुंबईच्या हवेत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. थंड देशांतील लोक उंदीर सरळ टेबलावर काढून ठेवण्याविषयी लिहितात, तेव्हा त्यांच्या खोलीचे तापमान १८ ते २० अंश असते. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत ३२ अंश आणि भरपूर दमटपणा असताना उंदराची कातडी आणि पोट तासाभरात कोमट होते, तर छातीतला भाग गोठलेलाच राहतो. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू वेगाने वाढतात, आणि आतडी आतच असल्यामुळे सडण्याची सुरुवात पोटातून होते. बाहेरून ठणठणीत दिसणारा उंदीर पोटावर हिरवट-काळसर दिसू लागतो, तो यामुळेच.

आपल्या दिनक्रमाला सोयीची पद्धत अशी आहे. खाऊ घालण्याच्या आदल्या रात्री उंदीर बंद पिशवीत, ती पिशवी झाकणाच्या डब्यात आणि तो डबा फ्रीजच्या सर्वांत खालच्या फळीवर ठेवावा. केस न आलेली पिल्ले, ज्यांना दुकानदार पिंकी म्हणतात, काही तासांत मऊ होतात, मोठ्या उंदराला रात्रभर लागते आणि मोठ्या रॅटला, म्हणजे उंदराहून बऱ्याच मोठ्या जातीच्या प्राण्याला, पूर्ण एक दिवसही लागू शकतो. आपण नऊ वाजता घरी याल, तेव्हा तो तयार असेल. मात्र मुलुंडच्या भगिनींना सांगितलेली अट येथेही लागू आहे. माणसांच्या खाद्याचा फ्रीज असेल, तर ही पद्धत पत्करण्यापेक्षा थंड पाण्याची पद्धत बरी.

थंड पाण्याच्या पद्धतीत उंदीर हवा काढलेल्या, न गळणाऱ्या पिशवीत घालून वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात बुडवावा, आणि तो तरंगू नये म्हणून वर याच कामासाठी ठेवलेली एखादी वाटी ठेवावी. पाणी दर अर्ध्या तासाने बदलावे. पिंकीला वीस-पंचवीस मिनिटे, मोठ्या उंदराला तास-दीड तास आणि मोठ्या रॅटला तीन तास किंवा अधिक वेळ लागतो. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी दुपारी चांगलेच तापलेले असते, ते थंड पाणी नव्हे. अशा दिवसांत त्यात बर्फाचे खडे टाकावेत. उंदीर उघडा पाण्यात टाकू नये. तो भिजून लिबलिबीत होतो, त्याचा वास धुऊन जातो आणि साप तोंड फिरवतो.

बर्फ पूर्ण सुटला की नाही, हे बोटांनीच पाहावे लागते. बर्फातले पापलेट घरी आणल्यावर जसे दाबून पाहतो, तसे हातमोजे घालून उंदराची छाती आणि पोट हलके दाबावे, मान आणि पाय वाकवून पाहावेत. कुठेही कडक गाठ लागली, तर आणखी थांबावे. घाई करून या टप्प्यावर उकळते पाणी ओतणारे पुष्कळ आहेत, आणि पोट फुटणे, कातडी सोलणे, आत बर्फ राहणे हे सर्व त्यातूनच घडते.

पूर्ण मऊ झाल्यावरच, देण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे, पिशवीसकट ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात ठेवून उंदीर कोमट करावा. गिझरचे पाणी बहुधा याहून बरेच गरम असते, तेव्हा त्यात साधे पाणी मिसळून तापमापकाने पाहावे. उंदराच्या अंगाचे तापमान ३७ ते ४० अंशांच्या दरम्यान असावे. आपल्या सापाच्या बाबतीत ही ऊब महत्त्वाची आहे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात आणि तो भक्ष्य पुष्कळदा उबेवरून हेरतो, म्हणून थंड उंदीर त्याला खाद्य वाटतच नाही. कॉर्न स्नेकला असे खळगे नसतात. तो जिभेने वास टिपून टाळूतल्या जेकबसन इंद्रियाने ओळखतो, त्यामुळे तो थोडे थंड खाद्यही घेतो. कोमट झालेला उंदीर कागदाने टिपून कोरडा करावा आणि लांब चिमट्याने, डोक्याच्या बाजूने सापापुढे धरावा. हाताने कधीही देऊ नये, कारण उंदराचा वास लागलेला हात आणि उंदीर यांत सापाला फरक करता येत नाही.

सापाने लगेच घेतला नाही, तर उंदीर एका ताटलीत ठेवून दिवा मालवावा आणि खोलीतून निघून जावे. परदेशी पुस्तकांत रात्रभर ठेवायला सांगतात. आपल्या उकाड्यात मी दोन तासांपलीकडे ठेवू नका असे सांगेन. नाकारलेला उंदीर पुन्हा गोठवून पुढच्या आठवड्यात द्यायचा नाही, तो टाकून द्यायचा.

आता ओकण्याविषयी. मायक्रोवेव्ह हे कारण असू शकते, पण एकमेव कारण असेलच असे नाही. सापाचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. खोलीत एसी २० अंशांवर असेल आणि साप ठेवलेल्या पेटीच्या उबदार बाजूला ३१ ते ३३ अंश मिळत नसतील, तर उत्तम उंदीरही पोटात पडून सडतो आणि साप तो बाहेर टाकतो. उंदीर सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा बराच मोठा असेल, किंवा खाल्ल्यावर ४८ तासांच्या आत सापाला उचलले असेल, तरीही हेच होते. सध्या त्याला स्वच्छ पाणी द्यावे, हात लावू नये आणि दहा ते चौदा दिवस उपाशी ठेवावे. ओकताना पोटातली आम्ले बाहेर येऊन अन्ननलिका सोलवटलेली असते, तिला भरून यायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचे खाद्य द्यावे. पुन्हा ओकला, तर घरगुती उपाय न करता सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्यावे.

प्रश्न : गणपतीला आम्ही दहा दिवस कोकणात गावी जातो. मागे परत आल्यावर कळले, की आमच्या इमारतीची वीज मध्यंतरी बराच वेळ गेली होती. फ्रीजरमधले उंदीर मात्र कडकच होते. ते वापरावेत का? आणि आमच्या प्रौढ कॉर्न स्नेकला शेजाऱ्यांनी खाऊ घालावे का?
— एक कुटुंब, भांडुप

उत्तर : कडक असणे हा पुरावा नव्हे, कारण मऊ होऊन पुन्हा गोठलेला उंदीरही कडकच लागतो. पिशवीत बर्फाचा जाड चुरा साठणे, उंदीर एकमेकांना चिकटून चपटे होणे किंवा पिशवीत लालसर पाणी गोठलेले दिसणे, ही बर्फ मध्ये सुटून गेल्याची खूण आहे, आणि असे उंदीर वापरू नयेत. वासावर विसंबू नये, कारण आजार घडवणाऱ्या जंतूंना वास असतोच असे नाही.

पुढच्या वर्षी निघण्यापूर्वी एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीजरमध्ये ठेवावी. परत आल्यावर नाणे वरच असेल, तर खाद्य सुरक्षित आहे. नाणे बुडालेले असेल, तर बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे आणि सगळा साठा टाकून द्यावा. दार न उघडल्यास गच्च भरलेला फ्रीजर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या, तर हा वेळ वाढतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडाने मुंबईभर काही तास वीज गेली, तेव्हाही दार बंद ठेवलेल्या घरांत साठा बिघडण्याचे कारण नव्हते.

प्रौढ, निरोगी कॉर्न स्नेक दहा दिवस सहज उपाशी राहतो. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस आधी त्याला खाऊ घालावे, म्हणजे ओकण्याचा प्रसंग आला, तर आपण घरी असाल. शेजाऱ्यांवर फक्त पाणी बदलण्याचे आणि पेटीचे तापमान पाहण्याचे काम सोपवावे. त्यांच्या ओट्यावर उंदराचा बर्फ सुटू देणे योग्य नाही.

टाकून द्यायचा साठा वर्तमानपत्रात गुंडाळून दुहेरी पिशवीत बांधावा आणि घंटागाडी येण्याच्या सकाळपर्यंत फ्रीजरमध्येच, ‘टाकायचे’ असे लिहून ठेवावा. सोसायटीच्या खतखड्ड्यात तो टाकू नये, शौचालयात वाहू देऊ नये आणि खालच्या मांजरांना तर मुळीच घालू नये.

प्रश्न : आमच्या चाळीत उंदीर भरपूर आहेत. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकला आणि नंतर सापाला दिला तर खर्च वाचेल. काही हरकत आहे का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, लालबाग

उत्तर : हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. जिवंत प्राणी फ्रीजरमध्ये टाकून मारणे ही क्रूरता आहे. सापावर माया असलेल्या माणसाने त्याच्या भक्ष्याच्या मरणाचीही जबाबदारी घेतली पाहिजे. जबाबदार पैदासकार पांढरे उंदीर स्वच्छ जागेत वाढवतात आणि कार्बन डायऑक्साइडने मारून मगच गोठवतात. नवजात पिल्ले या वायूत बराच वेळ तग धरतात, म्हणून ती कशी मारली, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. उत्तर देता येत नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरे कारण विषाचे आहे. महापालिकेचा कीटकनाशक विभाग बिळांत विषारी गोळ्या टाकतो, आणि लोकही घरोघरी विषाच्या वड्या ठेवतात. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर काही दिवस व्यवस्थित हिंडत असतो, तोच आपल्या पिंजऱ्यात सापडतो. गोठवल्याने विष नाहीसे होत नाही. तिसरे कारण लेप्टोस्पायरोसिसचे. त्याचे जंतू उंदराच्या लघवीतून पसरतात, आणि पावसाळ्यात मुंबईत या आजाराने दरवर्षी रुग्ण दगावतात. असा उंदीर हाताळण्यात सापापेक्षा आपल्यालाच अधिक धोका आहे. जिवंतच पेटीत सोडणे हाही पर्याय नाही, कारण कोंडलेला उंदीर सापाला कुरतडून खोल जखमा करतो.

खर्च वाचवायचा असेल, तर खाद्याचे वेळापत्रक तपासावे. वाढ झालेल्या सापाला दर पाच दिवसांनी खाऊ घालणारे पुष्कळ आहेत. प्रौढ कॉर्न स्नेकला दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर पुरतो, आणि लठ्ठपणा सापालाही बाधतो. दुकानातून आणताना थर्मोकोलच्या खोक्यात जेलपॅक घालून आणावे आणि वाटेत दुसरी कामे काढू नयेत. दुकानदाराने कोरडा बर्फ (ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) दिला, तर खोके हवाबंद करू नये, कारण त्यातून निघणाऱ्या वायूने ते फुटू शकते.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात धामणीचे पिल्लू सापडले. तिला ठेवून घेतले तर गोठवलेले उंदीर खाईल का?
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : ती खाईल की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिला ठेवून घेता येणार नाही. धामण, नाग, अजगर किंवा आपल्याकडचा कोणताही रानटी साप घरी ठेवणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. या अंकातील सगळी माहिती बंदिवासात जन्मलेल्या विदेशी सापांपुरतीच आहे. त्यांतही बॉल पायथनसारख्या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय साइटिस कराराच्या परिशिष्टांतील प्रजातींची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. बोरिवलीच्या वाचकांनी ती केली नसेल, तर याविषयी वनविभागाकडे चौकशी करावी. पिल्लाला हात न लावता त्याच्यावर दुरून लक्ष ठेवावे, मुलांना मागे ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर आत्ताच फोन करावा.